तीस टनांचा आकाशपाळणा

जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसणाऱ्याला एक भरवसा असतो. चाक कितीही फिरले तरी आपले डोके वरच राहणार. १९६६ साली लंडनजवळच्या बोरहॅमवुडमध्ये, एमजीएम स्टुडिओत फिरणाऱ्या चाकात तेवढाही भरवसा नव्हता. स्टॅनली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातल्या 'डिस्कव्हरी' यानाचे राहते दालन म्हणजे हे चाक. व्यास ३८ फूट, वजन सुमारे ३० टन, खर्च साडेसात लाख डॉलर. सुतारांच्या हातचे हे काम नव्हते. ते केले विमाने बांधणाऱ्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगने.

पडद्यावर अभिनेता गॅरी लॉकवुड त्या चाकात पळतो, भिंतीवर चढतो, छतावरून परत खाली येतो. खरे तर तो कुठेच चढत नव्हता. चाक त्याच्या पायाखालून सरकत होते, फार तर ताशी तीन मैलांनी, आणि तो तळाशीच पळत होता, पिंजऱ्यातल्या खारीसारखा. कॅमेरा कधी त्याच्याजवळ तळाशी राहायचा, कधी चाकालाच पक्का बसवलेला असायचा. तो चाकाबरोबर फिरला की प्रेक्षकाला चाक थांबलेले दिसायचे आणि माणूस वर चाललेला. दुसरा अभिनेता केअर डुलिया शिडीवरून उतरून जेवणाऱ्या लॉकवुडकडे चालत जातो, त्या प्रसंगात तर लॉकवुडला खुर्चीला पट्ट्यांनी बांधून खाली डोके, वर पाय असे लटकवले होते.

कुब्रिक बाहेर बसून टीव्हीच्या पडद्यावर हे सगळे पाहायचा. आत उभे राहायला त्याला जागाच नव्हती. दिवेसुद्धा नेपथ्यातच बसवावे लागले, कारण जिथे माणूस, कॅमेरा आणि भिंत तिन्ही फिरतात तिथे दिव्याचा स्टँड लपवणार कुठे? मला वाटते, चित्रपटाचा सारा थंडपणा या अडचणीतून आला. भय म्हटले की आपल्याला अंधार आठवतो, वाड्यातले माजघर आठवते. इथे उजेड चहूबाजूंनी सारखाच, पांढरा, आडोसा म्हणून नाही. त्यात हॅल या संगणकाचा एक लाल डोळा. लपायला जागा नसलेल्या घराइतके भीतीदायक घर नसते.

त्या संगणकाचे पडदेही संगणकाचे नव्हते. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर हाताने बनवलेली चलचित्रे मागून प्रोजेक्टरने टाकली जात, आणि ते प्रोजेक्टरही चाकाबरोबर उलटेसुलटे फिरत. फिरण्यातून वजन निर्माण करणाऱ्या एवढ्या लहान चाकात खऱ्या अंतराळवीराला मात्र घेरी आली असती. डोके आसाच्या अधिक जवळ आणि पाय परिघावर, त्यामुळे दोन्हींना जाणवणारे वजन वेगळे. पण कुब्रिकला पटवायचे होते ते प्रेक्षकाला.

नेपथ्य टोनी मास्टर्स, हॅरी लांगे आणि अर्नेस्ट आर्चर यांचे. लांगे त्याआधी अमेरिकेत अंतराळयानांची चित्रे काढत असे, म्हणून इथली बटणे नुसती शोभेची वाटत नाहीत. चित्रपट एप्रिल १९६८मध्ये लागला, माणूस चंद्रावर उतरण्याच्या सव्वा वर्ष आधी. ब्रिटिश अकादमीने तिघांच्या नेपथ्याला पुरस्कार दिला. ऑस्करला त्यांना नामांकन मिळाले, पण कलादिग्दर्शनाची बाहुली गेली व्हिक्टोरियन लंडनचे रस्ते उभारणाऱ्या 'ऑलिव्हर!'कडे.