गाडी नाकासमोर चालते ना?

चाकाचं तोंड फक्त एका अंशानं वाकडं झालं, तर 100 किलोमीटरच्या प्रवासात तो टायर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर आडवा घासला जातो. हा कुठल्या टायर कंपनीचा दावा नव्हे, शाळेतली त्रिकोणमिती आहे. एका अंशाचा साइन 0.0175, म्हणजे दर किलोमीटरला साडेसतरा मीटर. डिवायडरला चाक आदळतं, बंपरवर ओरखडासुद्धा नसतो, आपण "थोडक्यात वाचलो" म्हणतो आणि पुढे निघतो. खर्च मात्र तिथूनच सुरू होतो.

गाडी सरळ, स्टिअरिंग वाकडं

छोट्या ठोकरीनंतरची सगळ्यात नेहमीची तक्रार हीच. चाक वळवणारा टाय रॉड वाकला की तो आखूड होतो आणि त्या चाकाची दिशा, म्हणजे टो, बदलते. पण पुढची दोन्ही चाकं एकाच स्टिअरिंग रॅकला जोडलेली असतात. त्यामुळे चालत्या गाडीत ती ही चूक आपसांत निम्मी निम्मी वाटून घेतात. गाडी सरळ जात राहते, स्टिअरिंग तिरकं होतं आणि ज्या चाकाला धक्काही लागला नव्हता, त्याचाही टायर झिजू लागतो.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दुखणं बहुधा दुसरं असतं. समोरून दणका बसला की लोअर आर्म मागे ढकलला जातो, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढ घेते. स्टिअरिंग ज्या आसावर वळतं, तो बाजूनं पाहिला तर किंचित मागे झुकलेला असतो. तो झुकाव म्हणजे कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, ते मुख्यतः याच्याच जोरावर.

रस्ताही फसवतो

पाणी वाहून जावं म्हणून आपल्या डांबरी रस्त्यांना कडेकडे साधारण दोन-अडीच टक्के उतार दिलेला असतो. आपण चालवतो डावीकडून, म्हणून धडधाकट गाडीही स्टिअरिंग सैल सोडलं की हळूच डावीकडे सरकते. तेव्हा निकाल हायवेवर लावू नका, मोठं सपाट आवार शोधा. तरीही ओढ जाणवली, तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, सस्पेन्शनचा नाही. (एकाच दिशेनं फिरायला बनवलेल्या टायरना हा प्रयोग चालत नाही, बाजूच्या भिंतीवरचा बाण बघून घ्या.)

तळहात आणि टेप

स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची नक्षी बाहेर दिसेल. त्यावरून तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलेला आहे. फक्त एकच कड खाल्लेली असेल, तर आधी संशय कॅम्बरवर घ्या, म्हणजे समोरून बघताना चाक जितकं आत किंवा बाहेर कललेलं असतं त्या कोनावर. ठोकर कालचीच असेल, तर मात्र टायरला विचारून उपयोग नाही. झीज दिसायला बरंच अंतर कापावं लागतं.

तेव्हा टेप काढा. चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन-चार मिलीमीटर सोडून द्या, ती मोजणाऱ्याच्या हाताची चूक असू शकते. सेंटीमीटरभर फरक आला, तर आर्म, सबफ्रेम किंवा मागचा ॲक्सल जागेवरून हललेला आहे. याला एक गमतीदार अपवाद आहे. 1961 मध्ये आलेल्या फ्रान्सच्या रेनो 4 गाडीचा एका बाजूचा व्हीलबेस दुसऱ्या बाजूपेक्षा जवळजवळ पाच सेंटीमीटरनं जास्त होता, तोही कारखान्यातूनच. मागचे दोन टॉर्शन बार आडवे, एकामागे एक बसवले होते, म्हणून मागची चाकंही थोडी मागेपुढे आली. लाखो लोकांनी ती गाडी वर्षानुवर्षं सुखानं चालवली.

चाक जॅकवर आणि घोडीवर नीट उचललेलं असेल, तर मेकॅनिकला ते तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायला सांगा. तिथं खडखडलं तर टाय रॉड एंड. बारा आणि सहाच्या जागी खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.

घाटातला तिरका ट्रक

पुढचा ट्रक तोंड एकीकडे आणि ढुंगण दुसरीकडे करून चाललेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. अनेकदा कारण असतं स्प्रिंगच्या पाट्यांचा तुटलेला सेंटर बोल्ट. ॲक्सल एका बाजूनं मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मोटारीतही हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. मागचं चाक फुटपाथला आपटलं आणि बीम वाकला, की मागची चाकं गाडीला तिरकं ढकलत राहतात, आणि सरळ जायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून अलाइनमेंट करताना पुढचीच दोन चाकं मोजणाऱ्या ठिकाणी ठोकरीनंतर जाऊ नका. चारही चाकांना टार्गेट लावणारं मशीन हवं.

वळताना कर्रकर्र

वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लांकेनश्पेर्गर याची ती कल्पना. त्याच्या वतीनं रुडॉल्फ आकरमननं 1818 मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि नाव आजतागायत आकरमनचंच चालतं. सरळ रस्त्यावर सगळे आकडे बरोबर, पण पार्किंगमध्ये हळू वळताना टायर कर्रकर्र ओरडतोय? स्टिअरिंग आर्म वाकलाय का ते बघा.

हिरवं दिसलं म्हणजे बरं झालं असं नाही

इथं मला कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि मागे टॉर्शन बीम. अर्ल मॅकफर्सनची ही रचना 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमुळे रुळली. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी खाणारी. पण अशा बऱ्याच गाड्यांमध्ये फिरवून जुळवता येतो तो फक्त पुढचा टो. कॅम्बर, कॅस्टर, मागची चाकं या गोष्टी कारखान्यात बसल्या त्या बसल्या. तेव्हा अलाइनमेंट मशीनच्या पडद्यावर त्यांचे आकडे लाल आले, तर अर्थ एकच, काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय.

आणि घडतं काय? रॉड वाकून आखूड झालेला असतो, ऑपरेटर नट सैल करून तो आटे फिरवून लांब करतो, पडद्यावर टो हिरवा होतो, बिल निघतं. वाकलेला रॉड तसाच गाडीत. पुढच्या खड्ड्यात तो आणखी वाकू शकतो किंवा तुटू शकतो. हे पकडणं अगदी सोपं आहे. गाडीखाली वाकून दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे मोजा. एकीकडे सात आणि दुसरीकडे पंधरा दिसले, तर कुणीतरी दुखणं झाकलंय.

म्हणून मशीनची प्रिंट मागा, आणि "नंतरची" नव्हे, "आधीची" मागा. ठोकरीची खरी हकिकत तिच्यातच असते. वाचताना एक सांभाळा. अनेक मशीन अंश आणि मिनिटं छापतात, आणि एका अंशात मिनिटं 60. म्हणजे 0°30' हा अर्धा अंश, 0.30 नव्हे. त्याच प्रिंटवर एसएआय असेल, म्हणजे समोरून पाहताना त्याच स्टिअरिंगच्या आसाचा आतला कल, तर तो आणि कॅम्बर यांची प्रत्येक बाजूची बेरीज करा. डावी-उजवी बेरीज वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल (ज्यावर चाकाचा हब बसतो तो भाग) वाकलाय. बेरीज सारखी पण कॅम्बर वेगळा, तर लोअर आर्म किंवा सबफ्रेम बघा. एवढ्या एका बेरजेनं चुकीचा पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो.

गाडीला ईएससी (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. नाहीतर गाडी सरळ जाताना संगणकाला वाटतं की चालक वळतोय.

टायरच्या भिंतीवर टेंगूळ आलं असेल, तर आतले धागे तुटलेत. ते दुरुस्त होत नाही. टायर बदला, हवा कमी करून भागवू नका.

विम्याचं काय?

प्रमाण पॉलिसीत नुसता टायर फुटला तर पैसे मिळत नाहीत. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालेलं असेल, तर टायरचे निम्मे मिळतात. रबराच्या बुशांवरही घसारा 50 टक्के. लोखंडी आर्म आणि नकल यांचा घसारा गाडीच्या वयानुसार, पहिल्या सहा महिन्यांत शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलं असेल तर हिशेब बदलतो. टायरचे पैसे गाडीच्या नुकसानीवर अवलंबून असल्यामुळे वाकलेला आर्म हा क्लेममधला मोठा पुरावा ठरतो. आधीची प्रिंट जोडा, जागेवरच फोटो काढा, आणि सर्व्हेअरनं पाहिल्याशिवाय जुना आर्म भंगारात जाऊ देऊ नका.