दुकानाला खूण हवी

तालुक्याच्या गावी ‘बुटिक’ची पाटी आता नवलाची राहिलेली नाही. ब्लाउजची शिलाई, आरीवर्क, खणाची परकर-पोलकी, इरकल साड्या, फॉल-पिको, सारे एकाच गाळ्यात मिळते, आणि ते चालवणारी बहुधा आसपासच्या खेड्यातली लेक किंवा सून असते. तुमच्याही घरात अशी एखादी असेल. बचत गटाच्या कर्जातून मशीन आले, सोयाबीनच्या पैशातून गाळ्याचे डिपॉझिट भरले, आणि उरलेल्या चार पैशांत पाटी करायची वेळ आली. मग फ्लेक्सवाल्याकडे जाऊन ‘काहीतरी छानसे करून द्या’ म्हणायचे, की तो एका नटीचा फोटो, दोन मोर, गुलाबाची वेल आणि सहा तऱ्हांची अक्षरे एकावर एक रचून देतो. शेजारच्या तीन दुकानांनाही त्याने तेच दिलेले असते. (नटीचा फोटो तिच्या परवानगीवाचून लावणे अंगाशी येऊ शकते, ते आणखी वेगळेच.)

पुढे काय होते ते पाहा. सूनबाईने शिवलेला ब्लाउज लग्नात दहा जणी न्याहाळतात. ‘कुठे शिवलास गं?’ असे विचारतात. उत्तर येते, ‘स्टँडजवळ, मेडिकलच्या वरती. नाव काय बाई, आठवत नाही.’ रात्र रात्र जागून केलेल्या कामाची कीर्ती अशी मेडिकलच्या नावावर जमा होते! विचारणाऱ्या दहांपैकी दोघी शोधत आल्याच, तर जिन्याखालच्या दुसऱ्याच दुकानात शिरतात.

खुणेचे महत्त्व शेतकऱ्याला सांगायला नको. कोकणातला बागायतदार आंब्याच्या पेटीवर आपला मार्का उठवतो, तो उगाच नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून पक्षांना चित्रे दिली गेली, आणि बैलजोडी पाहून लोकांनी काँग्रेस ओळखली. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी केलेली धुण्याची पावडर सायकलवरून विकायला सुरुवात केली. मुलीच्या नावावरून ‘निरमा’ हे नाव ठेवले. पुड्यावरची फ्रॉकमधली मुलगी ज्यांना अक्षर ओळखत नव्हते त्यांनाही ओळखू येई.

आता आपल्या गाळ्याकडे वळू. आधी नाव. ते लहान असावे, मराठी असावे, आणि शक्यतो जोडाक्षर टाळावे. ‘श्रद्धा’, ‘स्वप्नपूर्ती’ ही नावे गोड खरी, पण लांबून पाहिले तर श्र आणि द्ध यांच्या पोटात रंग भरून नुसता ठिपका दिसतो. समजा, ‘गोफ’ असे नाव ठेवले. दोन अक्षरे, सोपी, विणकामाची आठवण देणारी. शिवाय खूणही नावातच मिळाली: एकमेकांत गुंफलेल्या दोन पेडांची. कात्री आणि सुईदोरा मात्र घेऊ नका. प्रत्येक शिंप्याच्या पाटीवर तेच असते.

खूण बरी की वाईट, हे ठरवायला शहरातला तज्ज्ञ लागत नाही. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला ती एकदा दाखवा, कागद काढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात रांगोळीने काढायला सांगा. तिने न अडखळता काढली तर खूण पक्की झाली. नाही जमली तर रेघा कमी करा. मग तीच खूण नखाएवढी काढून पाहा, कारण मोबाईलवर व्हॉट्सॲपच्या गोल चित्रात ती तेवढीच दिसणार आहे.

आणि आता जे सांगायचे आहे ते थोडे उलटे वाटेल. पहिला पैसा मोठ्या पाटीवर घालू नका. तो घाला ब्लाउजच्या आत, मानेमागे शिवायच्या बोटभर फितीवर. पाटी रस्त्याने जाणाऱ्याला दिसते. फीत तुमचे काम अंगावर घालणाऱ्या बाईजवळ कपडा विरेपर्यंत राहते. पांढरी सुती फीत घ्या, रबरी शिक्का करून घ्या आणि कापडावरच्या शाईने छापा. कोरा ठोकळा आणि साधी शाई चालणार नाही. पहिल्याच धुण्यात साडीला डाग पडेल. शिक्का उठवल्यावर शाईच्या बाटलीवर सांगितल्याप्रमाणे इस्त्री फिरवा, एक तुकडा चार वेळा धुऊन पाहा, मगच गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावा. फितीवर तीनच गोष्टी हव्यात: खूण, नाव, फोन नंबर. लग्नातल्या त्या प्रश्नाला आता मान वळवून दाखवता येईल असे उत्तर मिळेल.

तोच शिक्का पिशवीवर. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि बेतून उरलेल्या कापडाचे तुकडे तर घरातच पडलेले असतात. त्यांच्या पिशव्या शिवा. अशी पिशवी बाई बाजारात भाजीलाही नेते.

रंग दोनच ठेवा, एक गडद, एक फिका. हळदीवर तपकिरी, दुधी रंगावर कुंकवाचा लाल, असे काहीही चालेल. पण एकदा ठरले की पाटी, पिशवी, पावतीपुस्तक सगळीकडे तेच. गावात निवडणुकीचे वारे असले तर रंग निवडताना सासऱ्यांनाही विचारून घ्या; एखाद्या पक्षाचा झेंडा वाटला तर निम्मे गिऱ्हाईक रुसायचे!

पाटीसाठी जुना पेंटर अजून कुठे मिळाला तर सोडू नका. पत्र्यावर ऑइलपेंटने काढलेली अक्षरे उन्हापावसात टिकतात. फ्लेक्सवरचा लाल-गुलाबी उन्हात लवकर उडतो. पेंटर लोकांचा ठोकताळा असा, की दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचे अक्षर हवे. रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून वाचायचे तर तीन इंच. आपल्या अक्षरांना वेलांट्या-मात्रा असतात, म्हणून थोडे मोठेच धरा. संगणकावर करायचे तर ‘मुक्ता’सारखे टंक मुक्त परवान्यावर फुकट मिळतात, व्यवसायासाठी वापरले तरी चालते. इंग्रजी नाव हवेच असेल तर ते खाली आणि लहान. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानालाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाही.

पाटी रंगवण्याआधी आणखी एक काम आहे. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच नाव दुसऱ्या कोणी घेतले आहे का, ते विनामूल्य शोधता येते. तयार कपड्यांचा वर्ग २५ वा. नोंदणी करायची झाली तर २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्ती किंवा लहान उद्योग म्हणून ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये पडते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करता येते. हे पहिल्याच वर्षी करायला हवे असे नाही. फीत मात्र लग्नसराईची शिलाई हातात यायच्या आत शे-दोनशे छापून डब्यात तयार असू द्या.