नोंदवहीतले पूर्वज

खोताची वाडी, माथारपाखाडी किंवा दादर येथील एखाद्या कॅथलिक कुटुंबास आपली वंशावळ शोधावयाची झाल्यास त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या कामास येत नाहीत. त्याचा ठेवा चर्चच्या दप्तरात असतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवणे पाद्र्यांवर बंधनकारक केले. कोळी, आगरी, भंडारी अशा साध्या माणसांची नावे इतक्या नियमाने लिहून ठेवणारे दुसरे दप्तर त्या काळी क्वचितच असेल.

परंतु शोध सोपा नाही. पहिली अडचण आडनावाची. धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव अनेकांना मिळाले. साहजिकच, दोन डिसोझा भाऊबंद असतीलच असे नाही! म्हणून नोंदीतील धर्मपिता व धर्ममाता यांची नावे आडनावाहून अधिक बोलकी ठरतात.

दुसरी अडचण चर्चची. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून घालवून कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. १७९४ नंतर येथील चर्चे गोव्याचे आर्चबिशप व रोमने नेमलेले व्हिकर अपोस्टोलिक या दोन सत्तांत वाटली गेली आणि हा दुहेरी अंमल १९२८ च्या करारापर्यंत टिकला. तेव्हा आजोबांचा बाप्तिस्मा एका चर्चमध्ये आणि विवाह दुसऱ्याच सत्तेच्या चर्चमध्ये, असे आढळल्यास नवल नाही. जागाही बदलल्या. परळचे चर्च इंग्रजांनी घेतले, तेथे गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि आज हाफकिन संस्था आहे. माझगावचे ग्लोरिया चर्च भायखळ्यास गेले. दादरचे पोर्तुगीज चर्च स्थापनेने १५९६ चे, इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांनी विसाव्या शतकात उभारलेली. इमारतीच्या वयावरून पॅरिशचे वय ठरवू नये, हेच खरे.

लॅटिन व पोर्तुगीज भाषेतील जुन्या नोंदी वाचू शकणारे आता थोडे राहिले आहेत. मुंबईची दमट हवा आणि वाळवी यांना तर कोणतीच भाषा वर्ज्य नाही. या वह्यांच्या प्रती वेळीच काढून ठेवणे हे केवळ चर्चचे नव्हे, शहराच्या इतिहासाची आस्था असणाऱ्या सर्वांचेच काम होय.

धोबीतलावच्या कुडांतून राहिलेल्या गोमंतकीयांची गोष्ट वेगळी. ते कूड गावागावांचे. त्यामुळे पूर्वज कोणत्या कुडात उतरत असे एवढे कळले तरी गोव्यातील त्याचे गाव हाती लागते आणि पुढचा शोध त्या गावच्या चर्चकडे वळतो.