विश्लेषण : लेन बदलली, तरी मुरलेले बोलर आपली लाइन का सोडत नाहीत?

टेनपिन बोलिंगच्या स्पर्धांत हे चित्र नेहमी दिसते. पहिल्या दोन गेममध्ये एकामागोमाग एक स्ट्राइक लावणारा बोलर तिसऱ्या गेममध्ये अडखळू लागतो. पाय त्याच ठिपक्यावर, नजर त्याच बाणावर, हातही तसाच. पण चेंडू पिनांवर नको तिथे आदळतो. उभे राहण्याची जागा थोडी बदलायला हवी, हे त्याला ठाऊक असते. तरीही पुढच्या दोन-तीन फ्रेम तो तिथूनच टाकतो. बघणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. प्रत्यक्षात त्याची कारणे लेनवरच्या तेलात, भूमितीत आणि वर्षानुवर्षांच्या सरावात आहेत.

लेनवर नेमके काय बदलते?

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. लेनची रुंदी सुमारे ४१.५ इंच असून तिच्यात ३९ उभ्या पट्ट्या असतात. बोलर त्यांना ‘बोर्ड’ म्हणतात. लेनच्या पहिल्या साधारण ४० फुटांवर यंत्राच्या साहाय्याने तेलाचा पातळ थर दिला जातो. पुढचा भाग कोरडा असतो. तेलावर घर्षण गुणांक ०.०४ च्या आसपास, तर कोरड्या भागावर ०.२० च्या आसपास, म्हणजे सुमारे पाचपट असतो. त्यामुळे फिरकी दिलेला चेंडू आधी घसरत जातो, कोरड्या भागात पकड मिळताच वळतो आणि शेवटी सरळ घरंगळत पिनांवर जातो.

मात्र प्रत्येक चेंडू जाताना थोडे तेल घेऊन जातो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिनचे चेंडू आले. त्यांचा पृष्ठभाग तेल शोषून घेतो, त्यामुळे ही झीज आणखी वेगाने होऊ लागली. क्रिकेटमध्ये खेळपट्टीला तडे गेले किंवा दव पडले, तर ते दिसते. लेनवरचे तेल कमी झाले, तर डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही.

अचूक बोलरलाच हा त्रास अधिक का?

नवखा खेळाडू एक चेंडू दहाव्या बोर्डवरून, तर दुसरा पंधराव्यावरून टाकतो. त्यामुळे तेल सगळीकडून थोडे थोडे उडते. अनुभवी बोलरचा चेंडू मात्र पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन बोर्डवरून जातो आणि तेवढीच वाट कोरडी होते. म्हणजे ज्याचा नेम पक्का, त्याचीच लाइन लवकर संपते. स्पर्धेत त्याच लेनवर इतरही खेळत असतात आणि बहुतेक जण उजव्या हाताचे असतात. त्यामुळे उजव्या बाजूचे तेल आधी जाते. डावखुऱ्यांची बाजू तुलनेने जास्त वेळ ताजी राहते.

उजव्या हाताच्या बोलरला चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत, म्हणजे ‘पॉकेट’मध्ये न्यायचा असतो. तिथे साधारण सहा अंशांच्या कोनात शिरलेल्या चेंडूला स्ट्राइकची चांगली संधी असते. लेनच्या अगदी उजव्या कडेवरून सरळ टाकलेला चेंडू जेमतेम दीड अंशाचा कोन साधतो, म्हणून चेंडू वळवावाच लागतो. वाट कोरडी झाली की तो लवकर आणि जास्त वळतो, पहिल्या पिनवर समोरून आदळतो आणि मागे दोन टोकांना पिना उरतात. हाच स्प्लिट.

उपाय सोपा असूनही उलटा का वाटतो?

चेंडू फार डावीकडे जात असेल, तर बोलरने स्वतःही डावीकडेच सरकायचे असते. रूढ नियम असा : पाय दोन बोर्ड आणि नजर एक बोर्ड डावीकडे. याचे उत्तर समरूप त्रिकोणांत आहे. लेनवरचे बाण फाउल लाइनपासून साधारण १५ फुटांवर सुरू होतात. बाण तोच ठेवून पाय एक बोर्ड डावीकडे नेले, तर सरळ जाणारा चेंडू पिनांपर्यंत पोहोचताना तीन बोर्ड उजवीकडे असतो, कारण बाणांच्या पुढे तिप्पट अंतर उरलेले असते. शिवाय लेनच्या मधल्या भागात सहसा तेल जास्त असते. तिकडे सरकलेल्या बोलरच्या चेंडूला पुन्हा घसरायला जागा मिळते.

हे गणित कागदावर पटते. पण ऐन सामन्यात चेंडू डावीकडे गेला की हात आपसूक ‘जरा उजवीकडे टाकू’ असे म्हणतो. मग जागा न बदलता वेग वाढवला जातो, मनगट सैल सोडले जाते किंवा चेंडू बाहेर ढकलला जातो. एखाद-दुसरा चेंडू त्याने साधतोही, पण ज्या हातावर सगळा भरवसा, त्याचीच लय बिघडते.

चूक हाताची की लेनची?

अडचणीचे मूळ या प्रश्नात आहे. अनुभवी बोलरने वर्षानुवर्षे एकच धडा गिरवलेला असतो : चेंडू चुकला, तर आधी स्वतःचा हात तपासा. हात तपासत राहिल्यामुळेच तो तयार झालेला असतो. त्यामुळे चेंडू पहिल्या पिनवर चढला की ‘मी ओढून टाकला’ हे स्पष्टीकरण त्याला आधी सुचते. सवयीने ते खरेही वाटते. दुसरा चेंडूही तसाच गेला, तर ‘पुन्हा तीच चूक झाली’ असे वाटते. लेन बदलल्याचा पुरावा समोर असतो, पण तो स्वतःच्या चुकांच्या खात्यात जमा होतो.

त्यात गुणफलकही फसवतो. जास्त वळलेला चेंडू कधी पहिल्या पिनच्या पलीकडे, चुकीच्या बाजूने शिरतो आणि दहाही पिना पडतात. या प्रकाराला बोलर ‘ब्रुकलिन’ म्हणतात. गुणफलकावर स्ट्राइकच दिसतो आणि लाइन संपल्याचा इशारा टाळ्यांत विरून जातो.

मानसशास्त्र काय सांगते?

अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये पाण्याच्या भांड्यांचे प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केले. एक कृती वापरून काही कोडी सोडवलेले लोक पुढच्या कोड्यात सोपा मार्ग असतानाही तीच लांबलचक कृती वापरत राहिले. २००८ मध्ये बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या संशोधकांनी बुद्धिबळपटूंच्या नजरेचा माग घेतला. ‘आम्ही दुसरी चाल शोधतोय’ असे खेळाडू सांगत होते, पण त्यांची नजर ओळखीच्या चालीच्या घरांवरच परतत होती.

हे प्रयोग बोलिंगवरचे नव्हते. तरी त्यांतून एवढे कळते की जुळलेला उपाय हाताशी असला की माणूस नवा उपाय नाकारत नाही. त्याला तो दिसतच नाही. सर्वोच्च पातळीवरच्या बुद्धिबळपटूंवर हा परिणाम बराच कमी आढळला, हेही त्याच संशोधनाने दाखवले. म्हणजे अनुभवाने माणूस कायमचा ताठर होतो, असे नाही.

उशीर केल्याची किंमत किती?

बाराही स्ट्राइक लावले, तर ३०० गुण होतात. समजा, त्यातल्या पाचव्या फ्रेममध्ये पहिल्या चेंडूवर आठच पिना पडल्या, दोन उरल्या आणि दुसरा चेंडू रिकामा गेला. बोनस आधीच्या स्ट्राइकशी जोडलेला असल्यामुळे तिसऱ्या फ्रेमचे दोन, चौथीचे १२ आणि पाचवीचे २२ गुण जातात. एकूण ३६ गुण गेले आणि गेम २६४ वर थांबला. ‘अजून दोन फ्रेम बघू’ म्हणताना पणाला लागते ते हेच.

मग न हलणे नेहमीच चूक असते का?

तसे नाही. प्रत्येक वाईट चेंडूनंतर जागा बदलणारा बोलर कुठलीच लाइन पकडू शकत नाही. चांगला चेंडूही कधी एखादी पिन उभी ठेवतो आणि कधी खरोखरच हात चुकलेला असतो. शिवाय लय ही केवळ भावना नसावी, असे म्हणायला आधार आहे. डॉर्सी-पामेटीर आणि स्मिथ यांनी २००४ मध्ये व्यावसायिक बोलरांच्या आकडेवारीचा अभ्यास केला. सलग स्ट्राइकनंतर पुन्हा स्ट्राइक लागण्याची शक्यता अनेक बोलरांच्या बाबतीत अधिक दिसली. चालती लाइन मोडण्याची भीती त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

बदल कधी करायचा, हे कसे ओळखायचे?

पडलेल्या पिना मोजण्याऐवजी चेंडू कोणत्या बोर्डवरून गेला, ते पाहावे. बाण चुकला असेल, तर दोष हाताचा. जागा बदलू नये. बाण नेमका साधला, हातही नीट सुटला आणि तरी चेंडू पहिल्या पिनवर चढला, तर लेन बदलली आहे. अशा वेळी पुढच्याच फ्रेमला सरकावे. स्ट्राइक मिळाला, पण चेंडू नेहमीपेक्षा आधी वळला, तर तोही इशाराच समजावा.

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये गंमत म्हणून खेळणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. तिथे भाड्याने मिळणारे बहुतेक चेंडू गुळगुळीत प्लास्टिकचे असतात आणि ते तेल फारसे शोषत नाहीत. सरळ टाकलेल्या चेंडूला कोरड्या वाटेचाही फारसा फरक पडत नाही. स्वतःचा चेंडू घेऊन तो वळवायला शिकणाऱ्याने मात्र पाय कुठे ठेवायचे याबरोबरच ते केव्हा हलवायचे, हेही सुरुवातीपासून शिकलेले बरे.