मिरजेची सनद

सांगलीहून मिरजेकडे निघालेल्या बसमध्ये ‘वानलेसवाडी’ असा पुकारा झाला म्हणजे उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, आणि एखाद्या ग्रामदैवताच्या नावावरून वाडी वसावी तितक्या सहजपणे आपल्या जिभेवर रुळलेले हे नाव कॅनडात जन्मलेल्या एका प्रेस्बिटेरियन डॉक्टरचे आहे, ही गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. नाव इतके मराठी होऊन जावे हा त्या डॉक्टरचा मोठाच गौरव होय. परंतु दक्षिण महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची हकीगत सांगताना आपण कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, सांगलीचे विलिंग्डन कॉलेज आणि साताऱ्याची रयत शिक्षण संस्था ह्यांची नावे आदराने घेतो व मिरजेच्या वैद्यकीय शाळेपाशी आल्यावर मात्र मुके होतो, ही त्या हकीगतीतील ठळक उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ‘मिशनवाले’ म्हणण्याची चाल असल्यामुळे प्रथम पंथाचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ‘प्रेस्बिटर’ ह्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वडील माणूस. ज्या पंथात बिशपाची सत्ता नसून मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून कारभार पाहतात, तो प्रेस्बिटेरियन पंथ. शेतकरी असो वा सुतार, वडील म्हणून निवडला गेला की त्याला शास्त्र वाचून निर्णय द्यावा लागे, आणि म्हणून जेथे मंडळी तेथे शाळा, हा ह्या पंथाचा जन्मापासूनचा परिपाठ ठरला. मुंबईत 1829 साली आलेल्या स्कॉटिश जॉन विल्सनने 1832 मध्ये काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले आणि नागपुरात 1883 मध्ये स्टीफन हिस्लॉपच्या नावाचे कॉलेज निघाले, ही दोन्ही त्याच परंपरेची फळे होत. साताऱ्याचे मिशन मात्र निराळे. 1848 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तेथे ठाणे घालणारे अमेरिकन मिशन हे काँग्रेगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा, वळणाचे होते. त्याच्या दक्षिणेला कोल्हापूर, सांगली, मिरज ह्या संस्थानी मुलखात अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे क्षेत्र पसरले. ह्या दोन्ही परंपरांच्या मंडळ्या 1924 मध्ये एका छत्राखाली आल्या, तेव्हा ही सीमारेषा पुसली गेली.

ह्या दक्षिणेकडील मिशनचा मूळपुरुष रॉयल गूल्ड वाइल्डर. अहमदनगरास काही वर्षे काम करून तो 1852 मध्ये कोल्हापुरास आला, आणि त्याच्या आयुष्यातील जो प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शाळांवरून झालेल्या तंट्याचा. त्याला पाठविणाऱ्या अमेरिकेतील मिशन-बोर्डाचा चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला, आणि मिशनऱ्याचे खरे काम देशी भाषेतून उपदेश करण्याचे असून शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, पैसा व मनुष्यबळ खर्ची घालणे गैर आहे, असा त्याने आग्रह धरला. वाइल्डरला हे मुळीच मान्य झाले नाही. बोर्डाचा आणि त्याचा संबंध तुटला. 1861 मध्ये मिशनच्या शाळांचा कैवार घेणारे एक स्वतंत्र पुस्तक त्याने छापले, आणि कोणत्याही बोर्डाचे पाठबळ नसताना केवळ स्नेह्यांच्या मदतीवर तो कोल्हापुरास परत येऊन कामाला लागला. पुढे 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने त्याचे काम आपल्याकडे घेतले. ज्या मिशनची ह्या भागातील मुळे अशी शाळांच्या बाजूने पत्करलेल्या एकाकीपणात रुजलेली आहेत, त्याला शिक्षणाच्या इतिहासात एक ओळही मिळू नये, हे न्यायाचे नव्हे.

हे मिशन 1884 मध्ये सांगलीत आले. योगायोग असा की डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा जन्मही त्याच वर्षीचा. सांगलीत मिशनने मुलांची शाळा काढली, आणि तिच्यात अक्षरओळखीबरोबर रंधा, ऐरण व नांगर हेही शिक्षणाचे विषय मानले. पुढे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे ब्रीद खेड्यापाड्यांतील सर्व जातींच्या मुलांसाठी प्रत्यक्षात आणले. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे माझे म्हणणे नाही. कष्टकऱ्याच्या मुलाला कष्टाची लाज न वाटता विद्या मिळावी, ही गरज ह्या कृष्णाकाठच्या मुलखाचीच होती.

डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस 1889 मध्ये प्रथम सांगलीस आले आणि काही वर्षांतच मिरजेस गेले. त्या निवडीमागे मोठी दूरदृष्टी होती असे आज म्हणावेसे वाटते, कारण 1891 मध्ये कोल्हापूरची रेल्वे मिरजेला येऊन मिळाल्यावर मिरज हे पुणे, बेळगाव व कोल्हापूर ह्या तिन्ही दिशांचे नाके बनले होते. 1894 मध्ये इस्पितळ उभे राहिले. गाड्यांतून उतरणारे रोगी, त्यांच्याबरोबर आलेला गोतावळा, आवारात तीन दगडांच्या चुलींवर रटरटणारी आमटी, आणि डोळ्यावरची पट्टी सुटण्याची वाट पाहत भिंतीला टेकून बसलेले म्हातारे, असे इस्पितळाचे रूप डोळ्यांसमोर आणले म्हणजे एकट्या डॉक्टरपुढचा पेच ध्यानात येतो: दोन हातांनी किती रोगी पाहावेत? वानलेसांनी त्याचे उत्तर 1897 मध्ये दिले. त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढून देशी तरुणांना त्याच खाटांशेजारी उभे करून नाडी, जखम आणि शस्त्रक्रिया शिकवावयास आरंभ केला. ही शाळा विद्यापीठाची पदवी देणारी नव्हती. परंतु जो भाग डॉक्टरी शिकावयाची तर मुंबईच गाठावी लागेल असे समजून चालला होता, त्याच्या दाराशी तिने ती विद्या आणून ठेवली. उच्च शिक्षण म्हणजे केवळ कला व शास्त्र शाखांची कॉलेजे, ही समजूत आपण सोडली तरच ह्या शाळेचे मोल आपल्याला कळेल. क्षयरोग्यांसाठी 1920 मध्ये आरोग्यधाम निघाले, तीच आजची वानलेसवाडी. सरकारने वानलेसांना ‘सर’ हा किताब 1928 मध्ये दिला. 1933 मध्ये ते निवर्तले.

1919 ह्या सालाकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. विलिंग्डन कॉलेज त्या वर्षी सुरू झाले, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था त्याच वर्षी स्थापन झाली, आणि ह्याच मिशनच्या वेंगुर्ल्याच्या ठाण्यात डॉक्टर गोहीन ह्यांच्या घरी त्याच वर्षी 15 ऑगस्टला एक मुलगा जन्मला. तो रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. 1746 मध्ये प्रेस्बिटेरियनांनीच स्थापिलेल्या त्या विद्यापीठात 1969 मध्ये, त्याच्याच कारकिर्दीत, स्त्रियांना पदवीच्या वर्गांत प्रवेश मिळाला. 1977 ते 1980 ह्या काळात तो अमेरिकेचा राजदूत म्हणून आपल्या जन्मभूमीत येऊन राहिला. कोकणच्या किनाऱ्यावरील बाळपणाने त्याला काय दिले, ह्याचा शोध कोणीतरी मराठी अभ्यासकाने घ्यावयास हवा.

स्वातंत्र्याच्या सुमारास साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि सांगलीत उद्योगपती वालचंदांच्या नावाचे आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही एकाच 1947 साली निघाली; दक्षिण सातारा म्हणून 1949 मध्ये वेगळा झालेला जिल्हा 1960 मध्ये सांगली म्हणवू लागला. 1962 मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रोगी तपासण्यास शिकविण्यासाठी वानलेसांच्या इस्पितळातील खाटा तयार होत्या. पासष्ट वर्षांमागे ज्या खाटांशेजारी शाळा भरली होती, तेथे आता पदवीचे विद्यार्थी उभे राहिले. सरकारी कॉलेज ही कोऱ्या जमिनीवरची इमारत नव्हती. तिचा पाया अगोदरच भरलेला होता.

मिरजेच्या त्या जुन्या शाळेत शिकलेल्या डॉक्टरांची नातवंडे-पणतवंडे आज सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव ह्या जिल्ह्यांत असतील, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावरील ट्रंकेत आजोबांची सनद, वर्गाचे छायाचित्र किंवा रोग्यांच्या नोंदींची वही पडून असेल. त्यांना माझी विनंती आहे की वाळवीने फस्त करण्यापूर्वी ती बाहेर काढावी, तिची एक प्रत आपल्या गावच्या ग्रंथालयाला द्यावी आणि एक शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे धाडावी.