बॅटरी उतरते : दोष बॅटरीचा की अल्टरनेटरचा?

नवी बॅटरी बसवूनही ती महिन्याभरात उतरली, तर दोष बहुधा चार्जिंगच्या मंडलात असतो. म्हणून आधी मापन, मग खर्च. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी आणि पारंपरिक रेग्युलेटर असलेल्या गाडीत मल्टीमीटरने पुढील मापने घ्यावीत.

१. इंजिन बंद : गाडी काही तास उभी ठेवून मोजावे. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली; १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

२. स्टार्टर फिरताना : भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली, तर ती निकामी होत असावी.

३. इंजिन चालू : साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित. १३ पेक्षा कमी असल्यास पट्टा, ब्रश, डायोड आणि रेग्युलेटर तपासावेत. वेग वाढवताच १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर रोटरचा प्रवाह आवरत नाही. बॅटरीतील पाणी आटते.

४. अल्टरनेटरचे आणि बॅटरीचे धन टोक यांमध्ये : ०.३ व्होल्टहून जास्त फरक म्हणजे तार किंवा जोड खराब.

तापमानही पाहावे. भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, बॉनेटखाली आणखी. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज पुरते, म्हणून अनेक रेग्युलेटर दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी करतात. २५ अंशांवरचे १४.२ व्होल्ट ५५ अंशांवर १३.६ होणे हा दोष नव्हे.

सावधान : चालू इंजिनात बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासू नये, क्षणिक उच्च व्होल्टेजने डायोड आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.