चार मिनिटांची भिंत आणि सोबतीचे बळ

एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत धावणे मानवी शरीराला झेपणारे नाही, असे एकेकाळी अनेकांना वाटत असे. स्वीडनच्या गुंडर हेग यांचा ४ मिनिटे १.४ सेकंदांचा विक्रम १९४५ पासून अबाधित होता. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे वैद्यकीय विद्यार्थी रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांची नोंद केली. अवघ्या ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी यांनी फिनलंडमध्ये हाही विक्रम मोडला.

मनातील भिंत कोसळली, असे याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे वाटते. लँडी यापूर्वी वारंवार ४ मिनिटे २ सेकंदांच्या आसपास अडले होते. मायदेशी त्यांना तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हता. फिनलंडमध्ये मात्र ख्रिस चॅटवे अखेरच्या फेरीपर्यंत त्यांच्या पाठीशी होते. हेच चॅटवे ऑक्सफर्डला ख्रिस ब्रॅशर यांच्यासह बॅनिस्टर यांच्यापुढे धावून वेग राखत होते! त्या दिवशी वाऱ्यामुळे बॅनिस्टर यांचे मन डळमळत होते. सोबत सराव केलेले दोघे मित्र मात्र निर्णयासाठी खोळंबले होते. शर्यतीच्या तोंडावर वारा मंदावला आणि त्यांनी होकार दिला.